बाबा, इसार घेऊन काम सुरू केलंय

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पगार झाला का बेटा?" आणि मी "हो" म्हणाले. तेव्हापासून घास गोड लागत नाही. मी नोकरी ऑगस्टमध्येच सोडली. आई, बाबांना अक्षर दिसणार नाही, तूच मोठ्यानं वाच. मध्येच थांबू नको, पूर्ण वाच.

मला कोणी काढलं नाही. बरण्या-पाकिटांवरची लेबलं तिथेही मीच करत होते, आता तेच काम स्वतःच्या नावावर करते. खोली तीच, डबा वेळेवर येतो, आईनं दिलेली ज्वारी अजून पुरून राहिली आहे.

पहिल्या कामात फसले, हेही सांगते. एका मसालेवाल्यांनी फोनवर "किती घ्याल?" विचारलं आणि मी घाबरून ८ हजार बोलून गेले. सहा लेबलं, अकरा वेळा बदल, पाच आठवडे गेले. त्या रात्री आपला संत्र्याचा बगीचा आठवला. व्यापारी एक चक्कर मारून "डागी माल लय आहे" म्हणायचा. बाबा, तुम्ही झाडागणिक फळं आधीच वहीत मांडलेली असायची. आकडा सांगून झाला की दुपट्ट्यानं तोंड पुसत गप्प बसायचे. मी तुमच्या मांडीला टेकून बघत राहायची, आधी कोण बोलतो. आणि इसार हाती पडल्याशिवाय एकाही झाडाला हात लावू दिला नाही तुम्ही.

आता मीही आधी मोजते. महिन्यात कामाचे २२ दिवस. त्यातले १० गिऱ्हाईक शोधण्यात, भेटीत, हिशेबात जातात. कमाईचे १२च. म्हणून महिन्याचा खर्च १२ नी भागून दिवसाचा दर काढते, वर थोडं आजारपणाला धरते. मग दोन पानी प्रस्ताव: लेबलं किती, बदल दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, निम्मे आधी, निम्मे फायली देण्यापूर्वी, सांगितलेला भाव १५ दिवसांपुरताच. तो नुसता पाठवत नाही, समोर बसून समजावते.

गेल्या आठवड्यात लोणचं करणाऱ्या एका ताईंकडे गेले. त्यांचीच बरणी हातात घेतली. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर इतका बारीक की वाचवत नव्हता, शाकाहाराचा हिरवा ठिपका तेलानं पुसट झालेला. आधी ते दाखवलं, मग सहा लेबलांचे ४५ हजार सांगितले आणि गप्प बसले. पोटात गोळा आला होता बाबा. त्या म्हणाल्या, "थोडं कमी करा." मी दर तसाच ठेवला, काम कमी केलं: चार लेबलं, ३० हजार. १५ हजार इसार त्याच संध्याकाळी खात्यात आला.

दर महिना सारखा जाणार नाही, हे मला कळतं. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडली. घरी पाठवायची रक्कम १ तारखेलाच येईल, त्यात खंड नाही.

कंपनीच्या विम्यातून तुमची दोघांची नावं गेली, म्हणून वेगळी पॉलिसी काढली आहे. तिच्यात मोतीबिंदूसाठी काही काळ थांबावं लागतं, पण आपण थांबायचं नाही. ऑपरेशनचे पैसे मी वेगळे ठेवलेत. "पिकू दे" म्हणू नका, आता पिकायची वाट बघत नाहीत. आंबिया बहाराची संत्री तोडून झाली की दोघंही वरूडहून सकाळच्या गाडीनं नागपूरला या. तोवर शिडीवर चढायचं नाही, मोटार बंद करायला रात्री एकट्यानं वावरात जायचं नाही. आई, बीपीची गोळी उपासाच्या दिवशीही घ्यायची. लोणच्याला हात लावू नको.

तुम्हाला आधी विचारलं नाही, याचं वाईट वाटतं. विचारलं असतं तर तुमच्या काळजीपायी मी नोकरी सोडलीच नसती.

आणि बाबा, यंदा व्यापाऱ्याला आकडा सांगायच्या आधी मला फोन करा. वही आई वाचेल, बेरीज मी करते.

तुमची,
छकुली