सूचना : आहारतक्त्यातले आकडे कुठून घ्यावेत

सर्व आहारतज्ज्ञ सदस्यांना नमस्कार.

ज्वारी, नाचणी, पालेभाज्यांची पोषणमूल्ये कुठल्याही मोबाइल ॲपवरून उचलू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची भारतीय अन्नघटक कोष्टके वापरा. त्यांत ५२८ पदार्थ आहेत. मात्र आकडे १०० ग्रॅम खाण्यायोग्य भागाचे, तेही बहुतेक कच्च्या पदार्थाचे. डाळीचा आकडा वाटीभर वरणाला तसाच लावला तर प्रथिने भलतीच फुगतात! शिजवल्यावर वजन किती वाढते ते धरूनच हिशोब करा.

याच संस्थेची २०२४ची १७ आहार मार्गदर्शक तत्त्वे संकेतस्थळावर मोफत मिळतात. परदेशी किंवा डबाबंद पदार्थांसाठी अमेरिकी कृषी खात्याची ‘फूडडेटा सेंट्रल’ ही पोषणमूल्यांची माहितीपेढी बघा. संशोधनासाठी पबमेड हे वैद्यकीय शोधनिबंधांचे संकेतस्थळ आहेच. फक्त गोषवारा वाचून रुग्णाला सल्ला देऊ नये, ही विनंती.

– समन्वयक