सिंगापूरचा गिलावा

संपादक महोदय,

सिंगापूरला सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलपुढे आम्हीही फोटो काढले. पण त्या पांढऱ्याशुभ्र भिंती हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी उभारल्या, हे गाईडने काही सांगितले नाही. चुन्यात अंड्याचे पांढरे नि साखर कालवायची, नारळाची सोडणे भिजवलेले पाणी घालायचे आणि घोटत बसायचे. असा तो गिलावा! मद्रास तोफखान्यातले मॅकनेअर पुढे या कैद्यांचे मुख्य अधिकारी झाले. पहारेकरी कैद्यांतूनच नेमायची तिथली रीत. त्यावर त्यांनी १८९९ मध्ये पुस्तकच काढले. तिथल्या राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत निवासस्थान ‘इस्ताना’ही त्यांच्याच आराखड्याचे, १८६९ मध्ये पुरे झालेले. राबले मात्र पुन्हा कैदीच. सहल कंपन्यांनी एवढे दोन मिनिटांत सांगायला हरकत नसावी.

– एक वाचक, पुणे