एका स्टीलच्या पट्टीबद्दल आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

कासच्या पठारावर फुलं टिपायला येणाऱ्यांच्या हाती तुम्ही आधी स्टीलची पट्टी देता, मग मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स. त्या पट्टीबद्दल तुमचे मनापासून आभार.

पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवायची, मधल्या एका रेघेवर फोकस करायचा आणि एफ २.८ पासून एफ १६ पर्यंत एकेक स्टॉपने, म्हणजे दर वेळी प्रकाश निम्मा करत, फोटो घेत जायचं. एफचा आकडा वाढतो तसं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक होतं. जेवढी लांबी स्पष्ट दिसेल तिला ०.७ ने गुणलं की डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या पुढेमागे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, हाती येते. ‘मागचं छान ब्लर झालंय’ या ढोबळ बोलण्याऐवजी मिलिमीटरमध्ये विचार करण्याची सवय यातून लागते. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावून २ मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ १.८ ला काढला, तर स्पष्ट पट्टा साधारण १७ सेंमीचा; एफ ८ ला पाऊण मीटरहून थोडा जास्त. तोच एफ ८ सीतेच्या आसवांच्या इवल्याशा फुलावर, एकास एक मॅक्रोला (सेन्सरवर फूल खऱ्या आकाराएवढंच उमटतं तेव्हा), जेमतेम १ मिमी देतो!

मग एफ १६ करून २ मिमी का घेऊ नयेत, याचं तुमचं उत्तर सगळ्यात मोलाचं. एकास एकला एफचा आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो, म्हणजे एफ १६ हा एफ ३२ सारखा वागतो. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि पट्टा रुंदावला तरी सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून एफ ८ ते ११. त्यापुढे ॲपर्चर बंद करण्यापेक्षा फुलाकडे बघण्याचा कोन बदलावा: पाकळ्यांचं प्रतल सेन्सरला समांतर आणलं की तोच १ मिमी पुरतो.

लांब लेन्सने डेप्थ कमी होते हा समजही तुम्ही काढून टाकलात. चौकटीत फूल तेवढंच मोठं दिसत असेल, तर इतक्या जवळून ६० मिमी आणि १०० मिमीची डेप्थ जवळपास सारखीच. १०० मिमीत मागचा भाग कमी मावतो, म्हणून तो जास्त विरघळलेला वाटतो. शिवाय फुलापासून लांब राहता येतं, आजूबाजूची रोपं तुडवली जात नाहीत. पठारावर हे फार महत्त्वाचं.

फोटो बिघडतो तो बहुतेकदा फोकस लॉक केल्यावर अंग किंचित पुढेमागे झुलल्याने. १ मिमीत तेवढंही खपत नाही. म्हणून ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) १० पट मोठा करून हाताने फोकस, शटर १/२५० किंवा वेगवान. एफ ४ वरून एफ ११ ला गेलं की तीन स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) २०० चा १६०० होतो. त्याने चित्रात येणारे दाणे परवडतात, हललेलं फूल परवडत नाही. व्ह्यूफाइंडरमधून डीएसएलआर नेहमी उघड्या ॲपर्चरचं चित्र दाखवतो, त्यामुळे तिथे धूसर दिसणारी मागची काडी फोटोत अचानक ठळक उमटते. ठरवलेल्या एफचं चित्र दाखवणारं प्रिव्ह्यू बटण दाबून आधी ती काडी शोधायची, हेही तुमचंच.

पट्टी कॅमेऱ्याच्या बॅगेत जपून ठेवली आहे.

आपले कृतज्ञ,
पठारावरचे तुमचे विद्यार्थी