पंचनामा बागेचा झाला, पालातल्या माणसांचा कोण करणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, साडेतीन एकर बाग आहे, वडिलांनी लावलेली. अवकाळी झाला की आपल्या पेपरात बातमी येते, एवढ्या हेक्टरचं नुकसान, मणी तडकले, कांदा झोपला, आणि फोटोत एक शेतकरी फुटका घड हातात धरून उभा. ते सगळं खरंच आहे, मीपण तसा उभा राहिलोय. पण त्या फोटोत कधीच न दिसणाऱ्या माणसांबद्दल आज लिहायचंय, म्हणजे पेठ, सुरगाणा, हरसूलकडून छाटणीला येणारी आणि थेट खुडा होईपर्यंत आमच्या बांधाला ताडपत्रीचं पाल ठोकून राहणारी मजूर मंडळी. थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, काडी बांधणं सगळं त्यांच्याच हातचं, त्यांच्याशिवाय नाशिकचं एक द्राक्ष बाहेर जाऊ शकत नाही हे आम्हा सगळ्यांना माहितीय.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार होता. त्या दिवशी जिल्ह्यात गारा आणि पाऊस काय झाला ते तुम्ही छापलंच होतं. गारेनं पानांची चाळण झाली, कोवळे मणी खाली, काडीलासुद्धा जखमा, म्हणजे नुकसान त्याच हंगामापुरतं राहत नाही. पाऊस जरा थांबल्यावर मी टॉर्च घेऊन बाग बघायला निघालो आणि मधेच थांबलो, कारण ओढ्याचं पाणी पांदीतून उलटं येऊन बांध फोडून खालच्या अंगाला शिरलं होतं आणि त्या खालच्या अंगालाच पाल होतं. सात माणसं, त्यात दोन लेकरं. पाल आडवं झालेलं, चूल विझून नुसता चिखल, घरून आणलेलं नागलीचं पीठ पिशवीतच लगदा झालेलं. दोघी जणी एका गोधडीची दोन टोकं धरून पिळत होत्या. गोधडी पिळून कोरडी होत असते का हो, जितकं पिळतील तितकं पाणी निघत होतं आणि तरी त्या पिळत होत्या, कारण दुसरं अंथरूण-पांघरूण काही नव्हतंच. त्यातल्या मावशी मला बघून पहिलं काय म्हणाल्या तर, "दादा, तुमची बाग गेली ना ओ." मला काय बोलावं तेच सुचलं नाही.

सगळ्यांना ट्रॅक्टरच्या शेडमधे आणलं. आईनं घमेल्यात कोरड्या काड्या पेटवल्या. धाकटं पोरगं दीड-दोन वर्षाचं, आधी कुडकुडत होतं मग एकदम गप झालं, त्याची आई म्हणाली झोपलं आता, ऊब लागली वाटतं. नशीब की गावातल्या आशाताई तेवढ्यात आल्या, त्यांनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या हे झोपलेलं नाही, गारठलंय, कुडकुडणं थांबलं म्हणजे अंगात ताकद उरली नाही. अंगावरचे ओले कपडे आधी काढायला लावले, कोरड्या टॉवेलनं पुसलं, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून माझ्या वडिलांची घोंगडी गुंडाळली, आणि हळूहळू पोराला ऊब आली. तोपर्यंत आम्ही काय करत होतो तर ओल्या कपड्यावरच चादर टाकत होतो आणि आगीजवळ नेत होतो. ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं ही साधी गोष्ट पण त्या घाईत कुणाच्या डोक्यात आली नाही. पोरगं वाचलं. पुढं कितीतरी दिवस आभाळच होतं, गोधड्या काही वाळल्या नाहीत, आईनं घरातल्या काढून दिल्या.

नंतर पंचनामा झाला. गट नंबर विचारला, क्षेत्र विचारलं, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का ते बघितलं, बागेत उभं करून फोटो काढला. आलेल्या माणसाची काही चूक नाही, त्याच्या फॉर्मवर जेवढं होतं तेवढं त्यानं विचारलं. पण दहा पावलांवर पडलेल्या पालाबद्दल फॉर्ममधे जागाच नव्हती. कपड्यालत्त्याला आणि भांड्यांना मदत द्यायची सोय सरकारी निकषात आहे, पण ती घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांच्यावर पाण्यात राहिलं तर. पाल म्हणजे घर नाही, ते दुसऱ्याच्या रानात, माणसाचं रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्यातलं, पाणीपण रात्रीतून ओसरलेलं. मग बसवणार कशात? फळबागेला हेक्टरी मदत, जनावर दगावलं तर त्याची मदत, आणि ज्याचं सगळं घरदार एका ताडपत्रीखाली होतं त्याची नोंदच नाही.

पावसाळ्यातल्या पुराचं आमच्याकडे तसं नाही, हे मुद्दाम सांगतो. सायखेडा-चांदोरीची माणसं ऑगस्ट २०१९ चा पूर विसरणार नाहीत, पण गंगापूर धरणातून किती, दारणेतून किती क्युसेक सोडलं याचे मेसेज फिरतात, गोदाकाठच्या माणसाला आकडा ऐकून कळतं की पाणी कुठल्या पायरीला लागणार, सामान वर चढवायला वेळ मिळतो. हिवाळ्यातल्या पाण्याला धरण नाही, क्युसेक नाही, भोंगा नाही. दुपारून ढग येतात आणि तासाभरात ओढा भरतो. अंदाज आलेला असतो बरं का, दोन दोन दिवस आधी मोबाईलवर असतो, पण अंदाज आला की आम्ही पहिला फोन औषधाच्या दुकानदाराला लावतो, बुरशीच्या रोगांचं विचारायला, डावणीला काय मारू, भुरीला काय मारू. पालावर जाऊन कोणी सांगत नाही. त्या दिवशी मीपण सांगितलं नव्हतं, सकाळपासून फवारणीतच होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि पाऊस गेल्यावर संपतं असंही नाही. आभाळ मोकळं झालं की उत्तरेचं वारं सुटतं आणि खरी थंडी तिथून चालू होते. आमच्या निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा राज्यात बातमीचा विषय होतो, २०१८ च्या डिसेंबर अखेरीला तर तो २ अंशांच्या आसपास गेला होता. जमीन ओली, त्यात अशी थंडी. आम्ही बागेत जागोजागी शेकोट्या करतो, पहाटे ड्रिप चालू करतो कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्यासाठी रात्रीच्या लाईटची पाळी असली तर रात्रभर जागतो. हे करावंच लागतं, मणी फुगायचा थांबतो, पुढं पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. पण त्याच पहाटे डिपिंगवाल्या बाया जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या पाण्यात हात घालायला उभ्या राहतात. ते हात एकदा बघा, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त आलेलं असतं. मी आता डिपिंग नऊच्या आत चालू करत नाही. उशीर होतो, होऊ दे.

मेंढपाळांचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस आणि गारठा एकदम आला तेव्हा पुणे, नगर, आपल्या जिल्ह्यातसुद्धा मेंढ्या किती मेल्या ते सगळ्यांनी बघितलं. लोकर भिजली की मेंढी वाऱ्याला टिकत नाही. तिच्याशेजारी उघड्यावर तिचा मालकही असतो आणि त्याची बायकापोरंपण.

२०२३ च्या त्या रात्रीनंतर आमच्या वस्तीवर आम्ही थोडं बदललंय. पाल खालच्या अंगाला ठोकू देत नाही, पाच जणांनी मिळून उंचावर विटांचे चार थर रचून मुरूम भरून कट्टा केला, वर पत्रा, खाली उसाचं पाचट. पत्र्याची खोली थंडच असते पण कोरडी असते, आणि या थंडीत कोरडं असणं हेच अर्धं काम आहे. छाटणीच्या काड्या आधी सगळ्या जाळून टाकायचो, आता दोन गाड्या शेडमधे झाकून ठेवतो. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते ते आलेल्या टोळीला पहिल्याच दिवशी दाखवतो. एक मात्र सगळ्यांना निक्षून सांगतो, खोलीचं दार लावून आत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, त्या गॅसला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

पण हे आमच्या एका वस्तीचं झालं. प्रत्येकाला कट्टा बांधणं परवडत नाही, ज्याची एक एकर बाग आहे आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे तो कुठून करणार. म्हणून माझं म्हणणं असं की ग्रामपंचायतीनं छाटणीच्या सुमारास बाहेरून आलेल्या टोळ्यांची वही ठेवावी, कोणाच्या रानात किती माणसं, लेकरं किती, गरोदर कोणी आहे का. अवकाळीचा इशारा आला की शाळा किंवा समाजमंदिर त्याच संध्याकाळी उघडावं, भिजल्यावर नाही. आणि पंचनाम्याच्या फॉर्मवर पालासाठी एक रकाना असावा, रेशनकार्ड कुठल्याही तालुक्यातलं असो. माणसं आपल्याच जिल्ह्याची आहेत, पेठ काही परदेशात नाही.

आता छाटण्या उरकल्यात, थिनिंग चालू आहे, माझ्याकडे या वर्षी नऊ माणसं आहेत, त्यात एक बाई बाळंतीण होऊन तीनच महिने झालेत. तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या पेपरात रोज हवामानाचा चौकोन येतो, ज्या दिवशी आमच्या भागाला अवकाळीचा इशारा असेल त्या दिवशी त्या चौकोनातच मोठ्या अक्षरात एक ओळ टाका की मजुरांची पालं आजच उंचावर हलवा. आमच्या वस्तीवर पेपर सकाळी सातला येतो. पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर येतो. सात माणसांचं सामान हलवायला तेवढा वेळ पुरतो, आम्ही करून बघितलंय.

आपला,
एक द्राक्ष उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक