बाय, या दिवाळीत होडी पाण्यात जाणार नाही

देवबाग,
६ ऑक्टोबर

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, दिवाळीत होडी पाण्यात जाणार ना? पिल्लू रोज विचारतो." मी "बघू" म्हणालो आणि पावसाचा विषय काढला. ते "बघू" तेव्हापासून मला टोचतंय. तुला सरळ सांगायला हवं होतं. होडी या दिवाळीत पाण्यात जाणार नाही, नाताळातही बहुधा नाही. त्यामागचं कारण फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मार्चमध्ये होडी माडात आणून ठेवली तेव्हा तू फोटो बघून म्हणालीस, "एवढी छान दिसतेय, रंग दिला की झालं." मलाही तेच वाटलं होतं. पंधरा फुटी फायबरची स्पीडबोट, नाळ म्हणजे पुढचं टोक सरळ, तळाला दोन-चार ओरखडे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा ती दोर तोडून किनाऱ्यावर फेकली गेली होती, आणि नंतर कुणाच्या तरी आवारात आभाळाकडे तोंड करून पडून होती. सलग चार पावसाळे त्या होडीत पाणी साचलं. ज्यांनी विकली त्यांनी काही लपवलं असं मी म्हणणार नाही. बाहेरून रंग मारलेला होता, आत काय झालंय ते त्यांनाही ठाऊक नसावं.

तुझ्या आजोबांची होडी लाकडाची होती. तिला काजूच्या टरफलांचं तेल द्यायला मी लहानपणी बसायचो, हात काळे व्हायचे. त्या होडीला काही झालं की ते दिसायचं. फळी फुगायची, सांध्यातून पाणी झिरपायचं, कीड लागली तर भोकं दिसायची. फायबरचं तसं नाही. काचेचं कापड आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट माल, यांचा कडक थर बाहेर, तसाच आत, आणि मध्ये प्लायवुड. लाकूड आत कुजून गेलं तरी बाहेरचा थर तसाच गुळगुळीत चमकत राहतो. हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

समजलं कसं, तेही सांगतो. आपल्या गावात फायबरच्या होड्यांचं काम करणारे मिस्त्री आहेत, त्यांना मी नुसती होडी दाखवायला बोलावलं. त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि नाळेकडून वाजवत वाजवत मागे आले. टण, टण, टण. मागच्या फळीशी, म्हणजे जिथे इंजिन बसतं त्या ट्रान्समपाशी आले आणि आवाज बदलला. थप, थप. भिजलेल्या पुठ्ठ्यावर वाजवावं तसा. ते एवढंच म्हणाले, "उघडल्याशिवाय कळाचा नाय." आणि चहा घेऊन गेले.

मी लगेच उघडलं नाही. मनात धास्ती होती. आधी आतल्या बाजूने बारीक भोकं पाडून पाहिली. ड्रिलला चिकटून जो भुसा येतो त्याच्याकडे बघायचं असतं. कोरडं लाकूड असेल तर भुसा फिकट येतो, चुरचुरीत. वरच्या दोन भोकांतून तसा आला. इंजिनाच्या बोल्टांच्या खालच्या भोकातून जे आलं ते गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं होतं, काळं आणि ओलं. सगळ्यात खालचं भोक, पाणी सोडायच्या बुचाजवळचं, त्यातून नुसतं पाणी आलं. तांबूस पाणी, आंबूस वासाचं. खाली वाटी ठेवली. सकाळी वाटी भरलेली होती. असं नऊ दिवस चाललं.

बाय, त्या फळीवर चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन टांगायचं आहे. त्याचं वजनच ७० किलोच्या आसपास. पण वजनापेक्षा त्याचा जोर बघ. होडीला पुढे ढकलणारी सगळी ताकद त्या एका फळीवर येते. लाट लागून होडी आपटली की तेच ७० किलो कितीतरी पटीने झटका देतं. फळी सुटली तर इंजिन जातंच, पण मागून पाणी आत येतं आणि होडी मागच्या अंगावर बसते. कर्लीच्या मुखाशी, जिथे नदीचं पाणी आणि समुद्राची लाट भिडते तिथे, आणि होडीत पिल्लू. हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर मी दिवाळीचा हिशोब सोडून दिला.

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं काढली. गाडी वेळेवर सोडण्यासाठी वरून किती घाई व्हायची ते तू लहान असताना घरी बसून ऐकलं आहेस. ब्रेकचं काम माझ्या मनासारखं झाल्याशिवाय मी एकही गाडी गेटबाहेर जाऊ दिली नाही. तीच गोष्ट इथे.

गणपतीनंतर मी ट्रान्सम उघडला. आतल्या बाजूचा थर ग्राइंडरने चौकोनात कापला, बाहेरचा तसाच ठेवला, कारण होडीचा आकार त्याच्यावर टिकून आहे. लाकूड कापावं लागलंच नाही, हाताने निघालं. ओल्या खोबऱ्याच्या चोथ्यासारखं. मध्ये एक-दोन स्क्रू होते, त्यांच्याभोवती सगळ्यात जास्त कूज. कुणीतरी कधीतरी एखादी पट्टी लावायला साधे स्क्रू मारले, भोकाला काही भरलं नाही, आणि पाणी तिथून शिरलं. एवढ्याशा भोकांनी होडीची पाठ खाल्ली. मी आता प्रत्येक भोक मोठं पाडून इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनने, भरणार आणि मग त्याच्या मधोमध पुन्हा बारीक भोक पाडणार. म्हणजे स्क्रू इपॉक्सीत बसेल, लाकडाला पाणी शिवणार नाही.

कापायच्या आधी एक काम केलं, त्याचं मला समाधान आहे. होडी टायरांवर आणि माडाच्या ओंडक्यांवर नीट टेकवली आणि पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत घेतले. आतला आधार काढला की तळ वाकतो, आणि वाकलेल्या स्थितीत नवीन फळी बसवली तर होडी जन्मभर वाकडीच चालते. हे मिस्त्रींनी सांगितलं नसतं तर मी चुकलो असतो.

होडीच्या आतल्या जमिनीखालचा फोमही काढला. हा फोम होडी पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून भरतात. तो पाणी पीत नाही असं सगळे म्हणतात. वर्षानुवर्षं पाण्यात बसला की पितो. उशीएवढा तुकडा मला दोन्ही हातांनी उचलावा लागला. तेवढं वजन घेऊन होडी आधीच अर्धी बसलेली असणार, आणि आपण इंजिनाला दोष दिला असता. नवीन फोम भरताना खाली पाण्याला बुचापर्यंत वाट ठेवायची आहे.

आता माझ्या चुकाही सांगतो. ऑगस्टमध्ये मी नाळेजवळच्या एका भेगेवर ठिगळ लावलं होतं. तू पाठवलेले व्हिडिओ दहा-दहा वेळा बघून. त्यात तो माणूस ज्या गॅरेजमध्ये काम करतो तिथली हवा कोरडी. आपल्याकडे ऑगस्टात उशीसुद्धा ओली लागते. मी पॉलिस्टर रेझिन अंदाजाने ओतलं, ते घट्ट करणारं हार्डनर अंदाजाने घातलं. दुसऱ्या दिवशी ठिगळ पांढुरकं, दुधासारखं, आणि बोट लावलं तर चिकट. पॉलिस्टरच्या वरच्या थराला हवा लागली की तो थोडा चिकट राहतोच, पण माझं ठिगळ आतूनही मऊ होतं. हार्डनर कमी पडला होता आणि खालचं फायबर दमट होतं. सगळं खरवडून काढलं. पुढच्या वेळी भीतीने जास्त घातला, तर मगात रेझिन तापलं आणि धूर निघायला लागला. मी रेझिनचा तो मग अंगणात फेकला. तेव्हापासून वजन करतो. अर्धा किलो रेझिनला ५ ते १० ग्रॅम हार्डनर, बस. उन्हात कमी, गारव्यात थोडा जास्त. आणि खोल मगाऐवजी पसरट थाळीत, म्हणजे तापत नाही.

हार्डनर आणि कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात घालायचं दुसरं रसायन, यांबद्दल मात्र हसण्यावारी नेऊ नकोस, कारण पिल्लू इथे आला की सगळीकडे हात घालतो. ती दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडतो, स्फोटसुद्धा होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मी दोन बाटल्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत, एक पडवीच्या बाहेर कुलपात, दुसरी पंपाच्या खोलीत उंच फळीवर. आईला दोन्ही जागा माहीत आहेत.

आई रागावली आहे ती वेगळ्या कारणाने. फायबर घासलं की काचेची बारीक धूळ उडते, ती कपड्यात बसते आणि अंगभर खाज सुटते. एकदा मी तेच कपडे घालून पलंगावर टेकलो आणि तिची गोधडी वाया गेली. आता घासायचे कपडे वेगळे, ते वेगळ्या बादलीत, आणि आंघोळ आधी गार पाण्याने. गरम पाणी घेतलं तर खाज वाढते असं मिस्त्री सांगतात, आणि मला तसाच अनुभव आला.

ट्रान्समसाठी मी इपॉक्सी घेणार आहे. महाग आहे, पण होडीच्या जुन्या पॉलिस्टरला ती घट्ट धरते. एकदा इपॉक्सी लावली की तिच्यावर पुन्हा पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून सगळी पाठ एकाच मालात करायची. साधी मॅट, म्हणजे काचेच्या सुट्या धाग्यांची चटई, तीही तिच्याबरोबर चालत नाही, कारण मॅटमधले धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. विणलेलं कापड आणलंय. आंब्याखाली प्लायच्या तुकड्यांवर सहा नमुने करून पाहिले. दमट दिवशी इपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर तेलकट पापुद्रा येतो. तो पाण्याने घासून धुतला नाही तर दुसरा थर सुटतो. दोन नमुने मी मुद्दाम न धुता केले आणि छिन्नीने उचकटले, पोळीचा पापुद्रा सुटावा तसे सुटले. धुतलेले चार अजून सुटलेले नाहीत.

फळ्या कापून तयार आहेत. मरीन प्लाय, आयएस ७१० या मानकाचा शिक्का बघून घेतलेला, १९ मिलिमीटरच्या दोन, एकमेकींना चिकटवायच्या. कडांना इपॉक्सीचे तीन हात दिलेत, कारण पाणी कडेनेच शिरतं. मागच्या बाहेरच्या थराला अजून ओल आहे. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवतो आणि उन्हात ठेवतो. दुपारी आतून दव धरलं की समजायचं, थांबायला हवं. काल थोडंसंच दव होतं.

इंजिनाचं फारसं लिहित नाही, ते माझ्या हातातलं काम आहे. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरना सारखं, कार्बोरेटर साफ केला, पाण्याच्या पंपाचं रबर बदललं. सगळं झालं की मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणी आणि तपासणी. आपल्या घरच्यापुरती होडी असली तरी मी ते करणार आहे, आणि पिल्लूच्या मापाचं लाइफ जॅकेट आधी येईल, होडी नंतर उतरेल.

आता मुद्द्याचं. दिवाळीला तू येतेसच. पाडव्याच्या आसपास हवा कोरडी राहिली तर फळ्या बसवायच्या आहेत. इपॉक्सी कालवल्यावर हातात अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात दोन्ही बाजूंना लावायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही, कडेने माल सगळीकडून सारखा बाहेर आला का ते बघायचं आणि आठ शिकंजे आवळायचे. फार जोरात आवळलं तर माल पिळून निघतो आणि सांधा कोरडा पडतो. एका माणसाने हे होत नाही. मिस्त्री येतील, पण मला तू हवी आहेस. रात्रीच्या ब्रेकडाउनला मी गाडीखाली जायचो तेव्हा तू हट्टाने बॅटरी धरायला यायचीस, आणि उजेड नेमका मला हवा तिथे असायचा.

येताना ग्रॅम मोजणारा छोटा वजनकाटा आण, मी आईचा स्वयंपाकाचा वापरतोय आणि तिने तो चकलीच्या पिठासाठी मागितला आहे. मास्कचे नवीन फिल्टर आण, वासासाठीचे वेगळे असतात, नुसत्या धुळीचे चालत नाहीत. तुझे जुने पूर्ण बाह्यांचे कपडे आण. पिल्लूला मीच सांगेन होडीचं. त्याच्यासाठी पाच रुपयांचं नाणं बाजूला ठेवलंय, फळी वाळली की पहिल्यांदा त्याला वाजवू दे.

तुझा,
बाबा