जुनी गाडी घेण्याआधी

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

गाडी गरम होते आणि पुढून खडखडते म्हणालीस, त्यावर गॅरेजवाल्याने दिलेल्या एस्टिमेटचा फोटो पाहिला. रेडिएटर, वॉटर पंप, क्लच सेट, पुढचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म आणि वर मजुरी. तुझी गाडी 2011 ची. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यापुढे चालवायची तर फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची 5,000 रुपये फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. जिची बाजारात उरलेली किंमत लाखाच्या आत-बाहेर आहे, तिच्यावर अर्धा लाख घालायचा नाही. पण दुसरी गाडी दारात येईपर्यंत ही चालायला हवी. म्हणून यादीतले नेमके काय करायचे ते आधी सांगते.

गरम होण्याचे दुखणे आधी नीट ओळख. काटा ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, म्हणजे पंखा लागत नाही. इंजिन चालू ठेवून एसी लाव, बॉनेट उघड आणि रेडिएटरचा पंखा लगेच फिरतो का बघ. फिरला नाही तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने तपासायला सांग. यातल्या फ्यूज-रिलेचे काम काहीशे रुपयांत होते, आणि त्यासाठी रेडिएटर बदलण्याची गरज नसते. उलट काटा खंबाटकी घाट चढताना किंवा हायवेवर चढत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असतो, नाहीतर पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप कमजोर असतो. वर्षानुवर्षे कुलंटऐवजी नळाचे पाणी घातले की आत क्षार आणि गंज साचतो, त्याचे हे फळ. सगळ्यात वाईट शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातल्या सीलची. ती ओळखायला सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचे झाकण काढ आणि मग गाडी सुरू कर. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कुठे गळती दिसत नसताना कुलंट कमी होत असेल, तर गॅस्केट गेले म्हणून समज. तसे असेल तर ती गाडी हायवेला काढूच नकोस. आणि गरम इंजिनवर ते झाकण उघडायचे नाही, प्रसादरावांनाही सांग.

पुढच्या खडखडीसाठी शॉकअप बदलायची घाई नको. लहान खड्ड्यांवर टकटक आणि स्पीडब्रेकरवर गप्प असेल, तर बहुतेक वेळा दोष लिंक रॉडचा, म्हणजे शॉकअपला जोडलेल्या छोट्या दांडीचा असतो. हा सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि सगळ्यात जास्त वेळा त्याच्याऐवजी महागडे काहीतरी बदलले जाते. परीक्षा सोपी आहे. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडायचे, त्याच रस्त्यावरून हळू एक चक्कर मारायची. आवाज बंद झाला तर दोषी सापडला. लोअर आर्मचा (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) बॉल जॉइंट मात्र टॉमी, म्हणजे लोखंडी पहार लावून हलवून बघायला सांग. तो ढिला असेल तर बदलायलाच हवा, तुटला तर चाक आडवे होते. क्लच राहू दे. पेडल वर लागत असले तरी जोवर घसरत नाही तोवर गावात चालतो, आणि विकताना गिऱ्हाईक तसाही भाव पाडणारच.

आता जी जुनी गाडी नव्याने घ्यायची तिच्याबद्दल. तू डिझेल सात सीटर म्हणतेस, कारण "अॅव्हरेज चांगले". तुमचे वर्षाचे चालणे आठ-दहा हजार किलोमीटर, तेही कोथरूड ते मुलांची शाळा आणि ऑफिस. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला इंजिन वीसेक मिनिटे सलग, चांगल्या वेगात पळावे लागते. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, आणि तो बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. इतक्या चालण्यावर इंधनात वाचलेले पैसे त्यातच जातील. पेट्रोलच घे.

सात सीटरचेही असेच. तुझ्या सासूबाईंचे गुडघे बघता तिसऱ्या रांगेत त्यांना बसवणार नाहीस, मुले तिथे बसली तर बॅगा कुठे? रोजची माणसे पाच असतील आणि सात क्वचित, तर डिझायर, अमेझ किंवा सिटीसारखी पेट्रोल सेडान पुरते. पण सेडानची सीट खाली असते, उतरताना गुडघ्यावर जोर येतो. सासूबाईंना सेडान आणि एर्टिगासारखी सात सीटर, दोन्हींत बसवून-उतरवून बघ, मगच ठरव. एर्टिगा घ्यायची तर 2018 च्या नोव्हेंबरात आलेल्या नव्या बांधणीची, दीड लिटर पेट्रोलची घे. त्यांच्या गुडघ्यांमुळे माझा कौल तिलाच. गिअर मॅन्युअल. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी व्यवस्था, जुन्या गाडीत घेऊ नये असे माझे मत आहे, क्लच झिजला तरी ती लवकर कळू देत नाही आणि क्लच दाबणाऱ्या अॅक्च्युएटरचा खर्च वेगळा. या पेट्रोल इंजिनांना टायमिंग चेन असते, वेळ झाली म्हणून बेल्ट बदलायचा खर्च नाही. पण ऑइल वेळेवर बदलले नसेल तर चेन ढिली पडते, आणि गार इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खरखर ऐकू येते. ज्या कंपन्यांनी इथले उत्पादनच थांबवले, शेवरोले किंवा फोर्ड, त्यांच्या गाड्या स्वस्त दिसतील. इंजिनचे पार्ट मिळतात, पण हेडलाइट, बंपर, दाराची काच यांसाठी ताटकळत बसावे लागते. तुला ते नको.

एर्टिगा आणि डिझायर दोन्ही टॅक्सीत भरपूर चालतात, त्यामुळे पिवळ्या पाटीची पांढरी केलेली गाडी गळ्यात पडू शकते. आरसीची, म्हणजे नोंदणीच्या कागदाची, जुनी माहिती तपासायचीच. शिवाय टॅक्सीला ताशी 80 किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर असतो. तो काढला तरी डॅशबोर्डखाली कापून टेपने गुंडाळलेली वायर राहते.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांग की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागले तर गाडी मुद्दाम गरम करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी परत जा. ऑइलचे झाकण काढून आत बघ, दुधट साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असू शकते. मग कोणाला तरी सायलेन्सरमागे उभे करून गाडी सुरू कर. सकाळची थोडी पांढरी वाफ चालते. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल खाते आहे, तिथूनच परत फीर.

पेंटमध्ये गुंतू नकोस, पुण्यात बंपर न घासलेली गाडी मिळणे कठीण. बघायचे ते सांगाड्यात. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि रेडिएटरच्या वरची पट्टी बघ. कंपनीचे स्पॉट वेल्डिंग सारख्या अंतरावरचे, गोल ठिपक्यांचे असते. मध्येच ओबडधोबड वेल्डिंग किंवा पुटी दिसली तर गाडी समोरून ठोकलेली आहे. दारांची रबरे ओढून पिलरवरही, म्हणजे दारांच्या खांबांवरही, तेच ठिपके बघ. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का हवा, एखादी वेगळी असेल तर का बदलली ते विचार.

पुराच्या गाडीबद्दल जरा लांबण लावते, कारण ती दिसायला चकचकीत असते आणि दीड-दोन वर्षांनी त्रास देते. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीला, 2021 च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या बुडाल्या तू बघितलेस. विम्याने टोटल लॉस ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. पासिंग पुण्याचे, एमएच-12 आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ राहते, तो भाग कोणी धूत नाही. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघ. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या गाडीत तिथे दाट गंज येत नाही. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फेल्ट दाबून बघ. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कप्लरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) टॉर्च मारून वाळलेला गाळ शोध. गाडीत खूप सुगंध मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे बसून राहा. पुराच्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण कप्लरच्या पिनांना हळूहळू हिरवा गंज चढतो. मग कधी पॉवर विंडो बंद, कधी एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा, कधी रस्त्यात गाडीच बंद. एअरबॅग अपघातात उघडेल की नाही, याचीही खात्री उरत नाही.

मीटर पाडलेला, म्हणजे किलोमीटर कमी दिसावेत म्हणून मागे फिरवलेला आहे का, हे टायर सांगतात. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. समज, गाडी 2020 ची, मीटरवर 28 हजार, आणि चारही टायर 2023 चे. पहिले टायर साधारण 40-50 हजार चालतात. मग ते तीन वर्षांत कशाला बदलले? पेडलचे रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कडही बघ. पण खरा पुरावा चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डमध्ये मिळतो. तिथे प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते, ते लिहिलेले असते.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेऊन एक मेकॅनिक बरोबर ने. नुसते "कोड नाहीत" म्हणाला तर पुरत नाही, विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसलेले असू शकतात. स्कॅनरमध्ये "कोड पुसल्यानंतरचे अंतर" दिसते, ते बघायला सांग. तिथे 15 किलोमीटर आले, तर काल काहीतरी लपवले आहे. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या, अपूर्ण दाखवत असतील, तरीही तोच अर्थ.

चालवताना रेडिओ बंद आणि काचा खाली. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला ताशी 40 वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. इंजिनचा आवाज वर चढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेरी मार, कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट गेला. परतल्यावर एसी लावून पंधरा मिनिटे उभी ठेव आणि काटा बघ. पहिल्या गाडीचे दुखणे दुसऱ्या गाडीतही घरी आणायचे नाही.

कागदांत ढिलाई नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. नाव बदलायला फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, शिवाय इथला कर नव्याने. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण त्या भानगडीत पडायचे नाही. ई-चलान आधी मालकाकडून भरून घे. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करून स्वतःचा लाव. टोकन पाच हजारांच्या वर देऊ नकोस, आणि उरलेले पैसे सह्या झाल्यावर, बँकेतूनच.

किमतीच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेव. आल्याबरोबर इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कुलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यायचे, आधी बदलले असे कोणी कितीही सांगितले तरी. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-16 किंवा 0डब्ल्यू-20 असे पातळ ऑइल लिहिले असेल, तर गॅरेजच्या पिंपातले जाड 20डब्ल्यू-50 घालू देऊ नकोस. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लाव.

ती बाणेरची एर्टिगा रविवारी बघायला जाणार म्हणालीस. त्याआधी आरसीचा, चारही टायरच्या कोडचा आणि इन्शुरन्स पॉलिसीचा फोटो मागवून मला पाठव. मालकाने टाळाटाळ केली तर तुझा रविवार वाचला. बाबा बरे आहेत. गाडी घ्यायला बरोबर येतो म्हणतात, पण त्यांना आणू नकोस, ते रंग बघून हो म्हणतील.

तुझी,
आई