बाबांचा श्रीखंडाचा डबा

ति. बाबा आणि ति. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आईचा लघवीचा कल्चर रिपोर्ट मिळाला. “एवढे आर कसले गं?” असं आई फोनवर विचारत होती. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही. आमच्या लॅबमध्ये हे रोजचंच. ताटलीत जंतूंचा दुधी थर वाढतो, त्यावर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवलेल्या असतात. औषध लागू पडलं की टिकलीभोवती स्वच्छ रिंगण उमटतं. नाही पडलं तर थर टिकलीला अगदी चिकटून वाढतो. हल्ली एकाच ताटलीत अशा चार-पाच टिकल्या दिसतात.

बाबा, तुम्ही म्हणालात, “मी तिला सर्दीसाठी डब्यातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दोनच दिवस दिल्या, त्याही वेगळ्याच होत्या.” त्या ‘वेगळ्याच’साठी हे पत्र.

मुख्य डीएनएखेरीज कित्येक जंतूंकडे डीएनएचं एक छोटं कडं असतं, प्लास्मिड. औषधं निकामी करणारे जनुक बऱ्याचदा त्यावर एकापुढे एक बसलेले असतात. हे कडं जंतू शेजारच्याला देतो, दुसऱ्या जातीच्यालासुद्धा. आई, विरजणासारखंच. शेजारी वाटीभर दिलं म्हणून आपलं दही संपत नाही.

१९५०च्या दशकात जपानमध्ये जुलाबाच्या साथींत शिगेला जंतू एकदम चार औषधांना पुरून उरू लागले: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. एकेक करून शिकले म्हणावं तर चारही एकदम कसे? १९५९मध्ये ओचियाई आणि आकिबा या जपानी संशोधकांनी दाखवलं, की हा अख्खा संच आतड्यातल्या ई. कोलायकडून शिगेलाकडे जाऊ शकतो. म्हणजे आजारी न पाडणाऱ्या, आपल्या पोटात मुकाट राहणाऱ्या जंतूकडून!

आता तुमची गोळी. तिनं कडं नसलेले जंतू मरतात, कडंवाले उरतात आणि त्यांना मोकळं रान मिळतं. गोळी एकाच औषधाची, पण उरलेल्यांकडे संच सगळा. त्यात सर्दी बहुतेक विषाणूंची. तिला या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही, पोटातल्या जंतूंची निवड मात्र होते.

आई, डॉक्टरांनी रिपोर्टमधल्या ‘एस’पैकीच, म्हणजे सेन्सिटिव्ह, जंतू ज्याला दाद देतो अशीच गोळी दिली आहे. ती सांगितलेले सगळे दिवस घे.

बाबा, देवघराशेजारच्या श्रीखंडाच्या डब्यातून तुमच्या बीपीच्या गोळ्या तेवढ्या बाहेर काढा. बाकीच्या अर्ध्या पट्ट्या कचऱ्यात टाकू नका, मोरीतही नको. दिवाळीला येईन तेव्हा मी घेऊन जाईन. डबा घासून ठेवा, येताना मेतकूट न्यायचं आहे.

तुमची,
धाकटी